शेजारणीचे धने

मुलगा उठत नव्हता. मी खांदा धरून हलवलं तेव्हा त्याने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. उशीच्या कडेला तो ओकला होता. अंगात ताप नव्हता, उलट हातपाय गार पडले होते आणि कपाळावर घाम होता. मी तोंडावर पाणी मारलं. तो म्हणाला, "माय, छातीवर कोणी बसलंय." एवढं बोलायला त्याला दोनदा श्वास घ्यावा लागला.

भर दुपार होती. आमच्या चाळीत दुपारी माणूस मिळत नाही. सिल्वासाजवळच्या नरोलीतल्या सगळ्या चाळी तशाच. सकाळी लोक कंपनीत जातात आणि दारांना कुलपं लागतात. उरतात त्या माझ्यासारख्या म्हाताऱ्या आणि रात्रपाळी करून झोपलेले लोक. माझा मुलगा धाग्याच्या कंपनीत रात्रपाळीला असतो. सकाळी येतो, जेवतो, खिडकीला लावलेला काळा प्लास्टिकचा कागद खाली सोडतो, दार लावतो आणि झोपतो. मी त्या वेळी बाहेर ओट्यावर बसते, म्हणजे भांड्याचा आवाज होत नाही. त्या दिवशी पाऊस थांबला होता म्हणून मी मिरच्या पेपरवर पसरून बसले होते. सकाळपासून माझंही डोकं दुखत होतं. ढगाळ हवेने दुखत असेल, असं मी धरून चालले.

समोरच्या पानवाल्याला हाक मारली. त्याने एक रिक्षा अडवली. दोघांनी मिळून मुलाला उचलून रिक्षात घातलं. रिक्षावाला गुजराती होता. तो आरशातून बघत म्हणाला, "माजी, दारू पीधी छे?"

मी म्हटलं, "दारू पीत नाही तो. तू गाडी चालव."

"बधा एम ज कहे छे," तो म्हणाला, म्हणजे सगळे असंच म्हणतात. पण गाडी जोरात चालवली त्याने, खोटं कशाला बोलू.

सिल्वासाच्या मोठ्या दवाखान्यात मुलाला आत घेतलं. डॉक्टर बाई तरुण होती, हिंदी बोलत होती. तिच्याजवळची सिस्टर पालघरकडची, तिच्याशी मराठीत बोलता येत होतं. डॉक्टरने नाडी पाहिली, डोळे पाहिले, पोट दाबलं आणि मला विचारलं, "मौसी, इसने खाया क्या था?"

मी सांगितलं. सकाळी कामावरून आला, ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी खाल्ली.

"भाजी कधीची?" सिस्टरने विचारलं.

"सकाळचीच. मीच केली. मी पण खाल्ली."

"तुम्हाला काही होतंय का?"

"डोकं दुखतंय. पण माझं डोकं दुखतच असतं."

डॉक्टरने लिहायला सुरुवात केली. सुई दिली, सलाईन लावलं. खाण्यातून झालं असावं, असं ती सिस्टरला म्हणाली. बाटली संपेपर्यंत बरं वाटेल, संध्याकाळी घरी न्या. मला ऐकून हायसं वाटलं. घरी नेऊन झोपवू, पेज देऊ, असं मनात ठरवत होते. त्याला परत त्याच खोलीत नेऊन झोपवायचं मी ठरवत होते, हे तेव्हा मला कळायला काही मार्ग नव्हता.

तेवढ्यात सून आली. ती पॅकिंगच्या कंपनीत जाते. पानवाल्याने कोणाकडून तरी तिला निरोप पोचवला होता. कंपनीचा निळा कोट अंगात तसाच. नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि ती सरळ डॉक्टरकडे वळली. "मॅडम, भाजी में जो मसाला डाला है ना, वो दो साल पुराना है. मैं कब से बोल रही हूँ."

मी तिथेच उभी होते. मला वाटलं, जमीन फाटली तर बरी. नवरा बेशुद्ध पडायला आलाय आणि हिला माझी बरणी आठवते.

"मसाला जुना झाला तर चव जाते," मी म्हटलं. "जीव जात नाही."

"बुरशी आली असेल तर जातो," सून म्हणाली. "मागच्या पावसात मीच तुम्हाला दाखवली होती ना पांढरी बुरशी."

"ती वरची होती. वरची काढून टाकली मी."

"बघा मॅडम," सून म्हणाली. "वरची काढून टाकली म्हणतात."

डॉक्टरने हात वर करून दोघींना गप्प केलं. खोबरं घातलेल्या मसाल्याला बुरशी लागली असेल तर त्रास होऊ शकतो, असं ती म्हणाली. उरलेली भाजी आणि ती बरणी घेऊन या, बघू. सून लगेच निघाली. दाराशी वळून मला म्हणाली, "बरणी फडताळातच आहे ना? का लपवून ठेवलीत?"

"फडताळात आहे. जा."

मी तिला पाठवलं नाही. डॉक्टरने सांगितलं आणि ती गेली. पण मी अडवलंही नाही. मला वाटत होतं, आणू दे बरणी, वास घेऊ दे सगळ्यांना, म्हणजे कळेल कोणाचं खरं.

इथे मसाल्याचं सांगायलाच हवं, नाहीतर आमचं भांडण वाचणाऱ्याला वेडेपणा वाटेल. मी नंदुरबारकडची. चौथी झाल्यावर शाळा सुटली आणि मिरचीच्या पथारीवर कामाला लागले. पथारी म्हणजे मोकळ्या रानात मिरची वाळायला पसरतात ती जागा. नजर जाईल तिथवर जमीन लाल. आम्ही बायका सकाळपासून बसून मिरचीचे देठ खुडायचो. हाताची आग संध्याकाळी ताकात हात बुडवला तरी जायची नाही. तिथे हवा कोरडी. मिरची वाळली की कडकड वाजते. उन्हाळ्यात धने, मिरची, खोबरं, दगडफूल, लवंग, सगळं भाजून काळा मसाला कुटायचा, बरणीत दाबून भरायचा, वर हिंगाचे खडे ठेवायचे, फडक्याने तोंड बांधायचं. वर्षभर त्याला काही होत नाही. दुसऱ्या वर्षी रंग थोडा उतरतो, एवढंच.

सिल्वासाला आल्यावर हे सगळं मोडलं. इथे पाऊस लागला की थांबत नाही. भिंतीला हात लावला तर ओला होतो. मिरची आठवड्यात सादळते, चामड्यासारखी होते, तोडली तर तुटत नाही, वाकते. मीठ पाझरतं. हळकुंडाला भोकं पडतात आणि खाली पिवळा भुगा सांडतो. खोबरं खवट होतं आणि त्याच्याबरोबर सगळा मसाला खवट होतो. मी हिंग ठेवला, कडुलिंबाची पानं ठेवली, डबे भिंतीपासून हातभर लांब ठेवले, ऊन दिसलं की ओट्यावर पसरलं. ऊन कुठे दिसतं म्हणा. सून म्हणते हिंगाने काही होत नाही. तिचं थोडं खरं आहे. पण ती पाकीट आणते, कात्रीने कापते, रबर लावून फ्रिजमध्ये टाकते आणि म्हणते हे वर्षभर टिकतं. फ्रिजमधून काढलं की पाकिटाला आतून घाम येतो, ते ओल्या चमच्याने घेतात, परत आत ठेवतात. त्याच्या गाठी होतात. ते मी बोलले तर मी जुन्या काळची.

आणि मसाला दोन वर्षांचा का झाला? कारण घरात तो कोणी वापरेना. मी केला एका वर्षाच्या हिशोबाने. सुनेने पाकीट सुरू केलं. माझी बरणी अर्धी राहिली आणि म्हातारी झाली. एकदा ती मला म्हणाली, "आई, मसाल्याला पण वय असतं."

मी म्हटलं, "मला पण आहे. मला कधी टाकतेस?"

मुलगा हसला होता तेव्हा. सून हसली नाही.

आता शेजारणीचं. आमच्या भिंतीला लागून जी खोली आहे, तिच्यात आमच्याच तालुक्याकडची एक बाई राहते. वयाने माझ्या मुलीसारखी, मला मावशी म्हणते. तिचा नवरा ट्रकवर असतो, महिन्यातून एकदोनदा येतो. ती गावाकडून धने, मिरची, ओवा पोत्याने आणते आणि चाळीत, कंपनीतल्या बायकांना तोलून विकते. माल चांगला असतो, तेही खोटं बोलणार नाही. खोलीत माळा घातलाय, त्यावर तिची पोती. माळा आमच्याच भिंतीला टेकलेला.

यंदाच्या पावसात तिच्या धन्यांना कीड लागली. बारीक तपकिरी किडे. धन्याचा दाणा वरून चांगला दिसतो, चिमटीत धरला तर पीठ होतं. ते किडे भिंतीवरून चालत आमच्याकडे आले. माझ्या डब्यांवर, सुनेच्या रव्यावर, मुलाच्या अंथरुणावर. मी नळावर तिला सांगितलं.

"तुझे धने माझ्या घरी चालत येतात. पैसे मागत नाहीस, पण पायाने येतात ते बरं नाही."

ती हसली. "मावशी, तुम्हाला फुकट घरपोच."

"हसू नकोस. काहीतरी कर त्या किड्यांचं."

"बघते वं मावशी. गावाकडून येणार आहे माणूस, त्याला सांगितलंय काहीतरी आणायला."

मग त्या दिवशी सकाळी, मुलगा कामावरून यायच्या आधी, तिने खोलीला कुलूप लावलं. पोरीला कडेवर घेतलं. म्हणाली, "बहिणीकडे जाते सामरवरणीला. दोनचार दिवस राहीन." मला चांगलं वाटलं. पोरीला घेऊन बहिणीकडे जायला कोणाची ना नसते.

दवाखान्यात मी बाकावर बसून होते. सलाईन थेंबथेंब पडत होतं. मुलगा मधेच कण्हायचा. दोनदा ओकला, पाणीच पडलं. सिस्टर म्हणाली, आता थांबेल. थांबलं नाही. बाटली अर्धी संपली तरी त्याचे हात गारच. मी डॉक्टरला म्हटलं, हात बघा. ती म्हणाली, मौसी, सब्र रखो. सब्र मी आयुष्यभर ठेवलाय, त्याने हात गरम होत नाहीत.

सून परत आली ती धड आली नाही. फाटकाशी रिक्षातून उतरली आणि गटाराच्या कडेला बसून ओकायला लागली. वॉचमन ओरडला. मी बाहेर धावले. तिच्या एका हातात बरणी होती, दुसऱ्या हातात भाजीचं पातेलं, ती दोन्ही सोडत नव्हती आणि ओकत होती. मी बरणी काढून घेतली.

"काय झालं तुला?"

"डोकं फुटतंय," ती म्हणाली. "खोलीत गेले तेव्हापासून. तुमची बरणी सापडेना, डबे काढत बसले. तिथेच सुरू झालं."

"फडताळात म्हणाले होते मी."

"फडताळात डबे किती आहेत, आई. सगळे सारखे."

मी तिला धरून आत आणलं. सिस्टरने पाहिलं आणि म्हणाली, "यांनी पण तीच भाजी खाल्ली का?"

"नाही," सून म्हणाली. "मी सकाळी फक्त चहा घेऊन गेले. दुपारी कॅन्टीनला खाल्लं. यांचं काही खाल्लं नाही."

ते ऐकून डॉक्टर थांबली. हातात पेन होतं, ते तसंच राहिलं. तिने सुनेला खुर्चीवर बसवलं आणि नीट विचारायला लागली. खोलीत काय दिसलं? धूर होता का? गॅसची शेगडी चालू राहिली होती का? सून म्हणाली, शेगडी बंद होती. धूर नव्हता. वास होता.

"कसला?"

"सडलेल्या मासळीसारखा. लसणीसारखा पण."

तो वास मलाही आला होता. सकाळीच आला होता. आमच्या चाळीत कोणी ना कोणी सुके बोंबील भाजत असतं, तर मला वाटलं तेच. हे मी सांगितलं. डॉक्टर म्हणाली, "घर में अनाज में गोली डाली है? कीड़े की गोली?"

"आमच्या नाही."

"पड़ोस में?"

तेव्हा मला कुलूप आठवलं. आणि धने.

मी सुनेचा फोन घेतला आणि शेजारणीला लावला. तिने उचलला. मागे टीव्हीचा आवाज येत होता, पोरगी हसत होती.

मी म्हटलं, "धन्यात गोळी टाकली का?"

"नाही वं मावशी. कोण म्हणालं?"

"मी विचारतेय."

"मी काई नई टाकलं. तुमच्याकडे किडे येतात म्हणून मी पोतं घट्ट बांधलं फक्त."

डॉक्टर समोर उभी होती. मी मान हलवली, नाही म्हणते म्हणून. डॉक्टर म्हणाली, ठीक है, दूसरा कुछ होगा. कंपनी जवळ आहे, कंपनीतून वायू आला असेल, असं सिस्टर म्हणाली. कोणी म्हणालं गटाराचा असेल. मघाशी जो माझा मसाला होता तो आता कंपनी झाला, मग गटार झालं. आणि मुलगा तिथे पडून होता. कशाने पडलाय ते कळलं नाही तर डॉक्टर पुढे काय करणार, कशावर नजर ठेवणार आणि संध्याकाळी त्याला नेणार कुठे? मला राग आला. ही बाई खोटं बोलत होती. ती का बोलते तेही मला कळत होतं. मालक खोली सोडायला लावेल. माल कोणी घेणार नाही. पोलीस येतील. तिच्या जागी मीही पहिल्या दमात नाहीच म्हटलं असतं.

मी परत लावला. तिने उचलला नाही. परत लावला. उचलला.

"ऐक," मी म्हटलं. "माझा पोरगा दवाखान्यात आहे. खोलीत झोपला होता. सून नुसती खोलीत जाऊन आली, ती पण ओकतेय. धने परत आणता येतील गावाहून. पोरगा परत आणता यायचा नाही. मालकाला मी काही सांगत नाही, पोलिसाला सांगत नाही, आत्ता फक्त डॉक्टरला सांगायचंय. टाकली का, हो की नाही."

टीव्हीचा आवाज बंद झाला.

मग म्हणाली, "पण मावशी, मी खोली बंद केली होती ना."

एवढंच बोलली. मी फोन डॉक्टरच्या हातात दिला.

तिने नंतर जे सांगितलं ते असं. गावाकडचा तो माणूस मिरचीच्या गोदामात हमाली करतो. त्याने गोळ्या आणून दिल्या. गोदामात पोत्यांवर ताडपत्री टाकतात, आत गोळ्या ठेवतात, दार बंद करतात आणि काही दिवस तिकडे कोणी फिरकत नाही. तिच्या सासरी धान्याच्या कोठीत गोळी टाकून झाकण मातीने लिंपतात. ही पद्धत तिने लहानपणापासून पाहिलेली. खोलीत राहायचं नसतं, हे तिला माहीत होतं. म्हणूनच ती पोरीला घेऊन गेली. माळ्यावरच्या सगळ्या पोत्यांत गोळ्या घातल्या, खिडकी लावली, दाराखालच्या फटीत गोणपाट कोंबलं आणि कुलूप लावून निघाली. तिच्या हिशोबाने तिने सगळं नीट केलं होतं.

पण गोदामाला चार भिंती असतात. आमच्या चाळीला नाहीत. मालकाने एक लांब पत्र्याचं छप्पर टाकलं आणि खाली आडव्या भिंती घालून खोल्या पाडल्या. भिंती पत्र्याला टेकतच नाहीत. वर हातभर उघडंच आहे. शेजारी शिंकला तर आपण देवाचं नाव घेतो. शेजारी काय शिजवतो, नवराबायको कशावरून भांडतात, सगळं त्या फटीतून येतं. किडे तिथूनच आले होते. तिने दार बंद केलं, खिडकी बंद केली, वर पाहिलं नाही. मी पण रोज त्या फटीखाली झोपते आणि मलाही वर बघायचं सुचलं नाही.

डॉक्टर बाई आता वेगळीच वागायला लागली. मुलाला दुसऱ्या खोलीत नेलं, छातीला तारा लावल्या, नाकाला नळी लावली. सुनेलाही खाटेवर घेतलं. मलाही बसवून माझ्या छातीला तारा लावल्या. मी म्हटलं, मला काही झालेलं नाही, मी बाहेर ओट्यावर होते. ती म्हणाली, चुप रहो मौसी. तिने मला स्वच्छ सांगितलं की या गोळीतून सुटणाऱ्या विषारी वायूवर उतारा म्हणून औषध नाही. हृदयावर नजर ठेवायची, श्वास चालू ठेवायचा, बाकी त्याच्या अंगात किती गेलं त्यावर. गोळ्या टाकल्या त्याच दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत तो खोलीत होता, म्हणजे किती गेलं ते कोणाला सांगता येणार नाही.

हे तिने मला सांगितलं, ते मला आवडलं. बाकी सगळे म्हणत होते, काही होत नाही, देवावर विश्वास ठेवा.

सिस्टरने पोलिसांना कळवलं. ते नियमाने कळवावंच लागतं म्हणे. मी शेजारणीला दिलेला शब्द तिथेच मोडला, पण ते माझ्या हातात नव्हतं. सुनेच्या फोनवरून मालकाला सांगितलं की पलीकडच्या खोलीतल्या पोरांना आत जाऊ देऊ नका. तिच्या पलीकडे बिहारची पोरं राहतात, ती कंपनीतून सुटायची वेळ झाली होती. मालक म्हणाला, "मेरा नाम मत लेना, मैंने किसी को धंधा करने को नहीं बोला." मी म्हटलं, "नाव नाही घेत. कुलूप तोडा." त्याने माणूस पाठवून कुलूप तोडलं, तोंडाला फडकं बांधून पोती बाहेर पावसात ओढली आणि सगळी दारं उघडी ठेवली. पोरं बाहेर पानाच्या टपरीवर बसून राहिली.

शेजारीण संध्याकाळी दवाखान्यात आली. पोरीला बहिणीकडे ठेवून आली होती. खाटेच्या पायाशी उभी राहून रडायला लागली. पोलीस तिला बाहेर बोलवत होता.

मी म्हटलं, "रडू नकोस. सिस्टर हाकलेल."

ती पदराने नाक पुसून म्हणाली, "तुम्हीच म्हणाल्या होत्या ना मावशी, किड्यांचं काहीतरी कर."

"काहीतरी म्हणाले होते."

"मग मी काय करणार होते? ऊन नाही, वारा नाही, खोलीत जागा नाही. अर्ध्या धन्याचं पीठ झालं होतं."

मलाही माहीत नाही तिने काय करायला हवं होतं. इतकी पोती या हवेत, या खोलीत ठेवायलाच नको होती, एवढंच मी सांगू शकते. पण ठेवली नसती तर ती खाणार काय होती, हे मी तिला सांगू शकत नव्हते.

सून पलीकडच्या खाटेवरून म्हणाली, "तिला बसू द्या आई. उभी राहून पडेल ती."

माझ्या बरणीचं काय झालं तेही सांगते, कारण त्यावरून इतकं झालं. बरणी सिस्टरच्या टेबलाखाली राहिली. दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, वास घेऊन बघा. तिने फडकं सोडलं, नाक जवळ नेलं आणि तोंड वाकडं केलं. "खवट झालाय हो आजी. टाकून द्या." मला वाटलं होतं ती म्हणेल, मसाला चांगला होता, उगाच आळ घेतला. कोणीच म्हटलं नाही. खोलीतलं उघडं सामान टाकायला सांगितलं होतं, त्यात माझ्या मिरच्या गेल्या, सुनेचा रवा गेला, बरणी रिकामी झाली. सुनेने ती घासून आणली आणि म्हणाली, "यात आता मीठ ठेवा." मी म्हटलं, "मीठ पाझरतं." ती म्हणाली, "मग काही ठेवू नका."

आता मी पावसाळ्यात महिन्यापुरतंच आणते. बाकीचा वर्षाचा मसाला गावी बहिणीकडे ठेवलाय, कोणी येणारा असला की थोडा मागवते. ती कोरड्या हवेत ठेवते, तिथे टिकतो. इथे मी लहान स्टीलच्या डब्यात भरते, कोरडा चमचा डब्याबाहेर ठेवते, आणि सून ओला चमचा घालते तेव्हा बोलते. ती ऐकत नाही. शेजारीण अजून तिथेच राहते. माल बहिणीच्या घरी ठेवते आणि पिशवीतून थोडा थोडा आणून विकते. तिच्याकडून मी धने घेत नाही. नळावर बोलतो आम्ही. मालकाने भिंतीवरच्या फटीत थर्माकोल घातला होता, तो उंदरांनी कुरतडला. मालकाला सांगितलं की तो म्हणतो, अगले महीने.

लोक विचारतात, मग शेवटी झालं काय. झालं ते एवढंच. त्या दिवशी त्या खोलीत माझा मुलगा झोपला होता, बरणी आणायला सून आत गेली होती आणि मी दाराबाहेर ओट्यावर बसले होते. मुलगा वाचला. सून वाचली. मीही वाचले.